परबकाकूंचं सोवळं

आमच्या बिल्डिंगमध्ये देवाच्या स्वयंपाकाला एकच बाई चालायची, आणि ती म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या परबकाकू. गणपतीचे मोदक, सत्यनारायणाचा शिरा, कुणाच्या घरभरणीचा नैवेद्य, सगळं त्यांच्याच हातचं. स्वयंपाक इतरांनाही येत होता. माझ्या सासूबाई तर मोदकाच्या बाबतीत काकूंपेक्षा काकणभर सरसच होत्या. पण त्या विधवा, आणि काकूंकडे एक गोष्ट होती जी बाकी कुणाकडे खात्रीची नव्हती. त्यांची पाळी गेलेली होती आणि नवरा जिवंत होता. म्हणजे सवाष्णही, आणि ऐनवेळी अडचण यायची भीतीही नाही. कमिटीतल्या पुरुषांनी हे कधी तोंडाने म्हटलं नाही, पण दहिसरला नदीच्या बाजूची आमची जुनी चाळ पाडून हा टॉवर झाला तेव्हापासून मोदकांसाठी बेल वाजायची ती त्यांच्याच दाराची.

आणि काकूंना त्याचा काय तोरा होता! ठेंगण्याशा, गोऱ्या, नाकात मोठी चमकी, आवाज लिफ्ट बंद पडली तरी सातव्या मजल्यावर पोचणारा. गणपतीच्या दिवसांत त्या पहाटे डोक्यावरून आंघोळ करून ओल्या केसांचा बुचडा बांधून तळमजल्यावरच्या सोसायटीच्या किचनच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकीला सरळ विचारायच्या, "अडचण नाय ना गो?" बाजूला वॉचमन असो, मंडप बांधणारे असोत, त्यांना फरक पडायचा नाही. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात चाळीस लोकांवर ओरडणारी बाई, पण त्या प्रश्नाला मान खाली घालून "नाही हो काकू" म्हणायचे. सेक्रेटरींच्या नव्या सुनेने एकदा गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलली होती. तिलाही काकूंनी नारळ खवायला घेतलं नाही. "गोळयेचा काय खरा?" म्हणाल्या, आणि तिला बाहेर पानं पुसायला बसवलं.

मला त्यांचा राग यायचा. तोंडावर बोलूनही दाखवायचे. "काकू, तुम्ही स्वतः बाई ना? मग हे काय लावलंय?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुका काय कळता? तू कधी गोणपाटावर बसलंस?"

त्या बसल्या होत्या. लग्न होऊन मालवणजवळच्या सासरी गेल्या, त्याच वर्षी गौरीच्या ओवशाला त्यांना पाळी आली. नव्या नवरीने गौरीला सुपांचं वाण द्यायचं, तो पहिला ओवसा. माहेरून सुपं आली होती, भाऊ स्वतः घेऊन आला होता. काकू मागच्या पडवीत गोणपाटावर बसून होत्या आणि भाऊ त्यांना न भेटता जेवून परत गेला, कारण सासूने त्याला मागे जाऊ दिलं नाही. पुढे मुंबईत चाळीत आल्या. एका खोलीत बाजूला बसायचं तरी कुठे? सासू मुंबईला आली की काकू गॅलरीत चपलांच्या मांडणीशेजारी बसायच्या, आणि शेजारच्या तीन खोल्यांतल्या पोराबाळांनाही कळायचं की परबीण बाहेरची आहे. हे सांगताना काकू हसायच्या. पण हसता हसता साडीच्या निऱ्या उगाच झटकायच्या, जणू त्यांना अजून गोणपाटाचे धागे चिकटलेत.

म्हणून त्यांची पाळी गेली त्या वर्षी त्यांनी सत्यनारायण घातला. कारण कुणालाच सांगितलं नाही. मुलगा बारावीला कसाबसा पास झाला होता, लोकांना वाटलं त्याचाच. मला मात्र प्रसादाची वाटी देताना कानात म्हणाल्या, "सुटलंय गो बाये एकदाची." असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही पाहिला नाही. त्यानंतर त्या गावच्या गणपतीला जायच्याच बंद झाल्या. दीर बोलावून थकले. "बिल्डिंगचा सगळा माझ्यावर असता," म्हणायच्या. अख्खा जन्म ज्या स्वयंपाकघराबाहेर काढला, त्याची किल्ली हातात आल्यावर कोण सोडेल?

ही किल्ली घेऊन त्या सात-आठ वर्षं राज्य करत होत्या, आणि आतून त्यांची वाट लागली होती.

मला ते उशिरा कळलं. संध्याकाळी आम्ही गच्चीवर फेऱ्या मारायचो. काकू चालता चालता थांबायच्या आणि कठडा धरायच्या. खुर्ची दिली तर एका अंगावर बसायच्या. लघवीची जळजळ तर नेहमीचीच, धण्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी असं काहीतरी चालू असायचं. काय होतंय विचारलं की म्हणायच्या, "माका काय धाड भरलीहा?" एका संध्याकाळी मात्र गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं तेव्हा स्वतःच बोलल्या. इतका खालचा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मंजू, खाली सगळं सुकून गेलंय गो. चिरा पडल्यासारखं. कपडा लागला तरी आग होते." थोडं थांबून म्हणाल्या, "ह्यांना मी हॉलमध्ये झोपायला घातलंय. दोन वर्षं झाली. ते काय बोलत नाहीत. पण बघ ना, माणूस हॉलमध्ये झोपतो म्हणजे सुनेला काय वाटत असेल?"

मी त्यांना सांगितलं की हे पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांना होतं, लाजायचं कारण नाही, लेडी डॉक्टरला दाखवू. काकूंनी फोन पुढे केला. सुनेने घेऊन दिलेल्या त्या फोनवर कुठल्याशा क्लिनिकची जाहिरात यायची. लेझरने ती जागा पुन्हा तरुण करतात, कापाकापी नाही, अर्ध्या तासात घरी. जाहिरातीत एक पांढऱ्या केसांची बाई समुद्रकिनाऱ्यावर हसत धावत होती. "माका धावूचा नाय," काकू म्हणाल्या, "नुसता बसाक येऊ दे."

बोरिवलीला स्टेशनच्या पूर्वेला होतं ते क्लिनिक. आम्ही रिक्षाने गेलो. काकू रिक्षात बार धरून अर्धवट उभ्याच होत्या. क्लिनिक गारेगार, भिंती गुलाबी, आणि काउंटरवरची मुलगी काकूंना सारखी "मॅम" म्हणत होती. काकू इकडेतिकडे बघत होत्या की ही कुणाशी बोलतेय. आतली डॉक्टर तशी बरी होती, हे मला सांगितलंच पाहिजे. घाईत होती, पण नीट बोलली. नळीसारखं उपकरण आत घालून लेझरने बारीक बारीक ठिपके भाजतात, मग तिथली कातडी नवी धरते, ओलावा येतो, एकेक महिन्याच्या अंतराने तीनदा यावं लागेल. मग तिने विचारलं, "पाळी गेल्यानंतर कधी रक्त गेलंय? डाग वगैरे?"

"छे," काकू म्हणाल्या. "माझा सगळा आटापला."

"नक्की? अगदी थोडासा डागसुद्धा? असेल तर आधी तपासावं लागतं. लेझर लगेच करता येत नाही."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, लाजल्या. "नाय म्हटलंय ना बाई," त्या ठामपणे म्हणाल्या. आणि डॉक्टरने पुढचं सांगायला घेतलं, की नंतर दोन-चार दिवस पाण्यासारखं जाईल, थोडं रक्तही दिसेल, घाबरू नका, आतली जखम भरत असते. हे ऐकताना काकू एकदम सावरून बसल्या. "जखमेचा रक्त?" त्यांनी विचारलं. हो, डॉक्टर म्हणाली. काकूंनी ते शब्द पुन्हा एकदा स्वतःशीच म्हटले.

लेझरने त्याचं काम केलं, हेही खोटं कशाला बोला. दुसऱ्या खेपेनंतर काकू रिक्षात टेकून बसल्या. जळजळ कमी झाली. एके रविवारी परबकाकांची गादी हॉलमधून आत गेल्याचं मला काकूंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी चिडवलं, "काय काकू, समुद्रावर धावून आलात वाटतं?" तर त्यांनी मला लाटणं दाखवलं, आणि पदराआड इतक्या हसल्या की मलाच लाजायला झालं. त्या उन्हाळ्यातल्या काकू मला फार आवडायच्या. नंतरचं सगळं आठवताना मी मध्येच त्या लाटणं घेतलेल्या काकूंपाशी थांबते.

गणपती आले. काकू नेहमीसारख्या किचनच्या दारात. पण पहिल्याच दिवशी मोदक वळता वळता त्या दोनदा उठून घरी जाऊन आल्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा साडीच्या मागे पैशाएवढा डाग होता. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं.

"काकू, हे काय?"

"जखमेचा आसा ता," त्या शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टरीण बोलली होती ना तुझ्यासमोर?"

"दोन-चार दिवस म्हणाली होती. तुमची तिसरी खेप होऊन किती दिवस झाले?"

"माझी जखम सावकाश भरते."

"काकू, डॉक्टरकडे जाऊ या. आत्ता."

"आत्ता?" त्या माझ्यावर डाफरल्या. "देव खाली बसलाय, कढईत सारण आहे आणि मी आत्ता जाऊ? गप ऱ्हव. आणि ह्या कोणाक सांगलंस तर बघ. लोक म्हणतील परबीण अडचणीत मोदक करते. अडचण नाय ही. बोट कापलं तर बाई बाजूला बसते काय? हे तसंच आहे. जखमेचं रक्त विटाळाचं नसतं."

तो सगळा हिशोब त्यांनी मनात पक्का केलेला होता. मी पुष्कळ भांडले. रक्त ते रक्त, वाईटही असू शकतं, असं अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्या कपडे बदलून पुन्हा खाली गेल्या. विसर्जन झाल्यावर जाऊ म्हणाल्या. विसर्जन झालं तर नवरात्रात सेक्रेटरींकडे घट होते, नऊ दिवसांचा नैवेद्य होता. मी अंधेरीच्या एका डॉक्टरबाईंकडे नंबर लावला, तो त्यांनी परस्पर फोन करून रद्द केला. मग मी काय केलं, तर सरळ काकांना सांगितलं. काका बिचारे मान डोलावून म्हणाले, "तिका विचारतंय." त्यांनी विचारलं असणार, आणि काकूंनी त्यांना काय धाड भरलीहा म्हणून वाटेला लावलं असणार. त्यानंतर महिनाभर काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. गच्चीवर समोर आल्या तर आभाळाकडे बघायच्या.

तुळशीच्या लग्नाला त्या पडल्या. बिल्डिंगच्या आवारातल्या वृंदावनापाशी, हातात अंतरपाट धरलेला असताना. लुगडं मागून भिजलं होतं. आता ते पदराने झाकण्यासारखं राहिलं नव्हतं, सगळ्यांनी पाहिलं. दोन बायका पटकन पुढे झाल्या, आणि एक बाई, नाव घेत नाही, वृंदावनातली तुळशीची कुंडी बाजूला उचलून घेऊन गेली. काकू जमिनीवर पडलेल्या, डोळे उघडे. त्यांनी ते बघितलं, हे मी बघितलं.

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. बाहेर पसरलेला. मोठ्या हॉस्पिटलातल्या वयस्क डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?" मी लेझरनंतरची तारीख सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "त्याच्याआधीपासना. गेल्या वर्षीच्या गणपतीच्याही आधी."

म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लेझरवाल्यांनी विचारलं नव्हतं?"

"इचारला होता. मी नाय म्हटलंय."

बाहेरच्या बाकावर मी त्यांना अक्षरशः हलवून विचारलं, का, काकू, का नाही म्हणालात? वेळेवर कळलं असतं तर पिशवी काढून मोकळ्या झाल्या असत्या. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "तू बाजूक होतंस ना," त्या म्हणाल्या. "क्लिनिकात गेलो त्याच महिन्यात तुझ्या घरची पूजा माझ्या हातून झाली होती. शिरा मीच केला होता. तुझ्यासमोर कसं सांगू, की त्या दिवशी माझं जात होतं?"

मी देव फारसा मानत नाही. ती पूजा सासूबाईंच्या हौसेची होती. त्या शिऱ्याची चवसुद्धा मला आठवत नाही. हे मी काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुका नसात. देवाक आठवता." मला तेव्हा कुणाला तरी धरून मारावंसं वाटलं. पण मारणार कुणाला? त्यांच्या सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती.

ऑपरेशन झालं, पिशवी काढली, मग रेडिएशनचे शेक दिले. मधे थोडे दिवस बरे गेले. त्या दिवसांत काका मला एकदा लिफ्टपाशी भेटले. कमी बोलणारा माणूस, आयुष्यभर कुरिअरच्या पिशव्या वाहिलेला. म्हणाले, "माका वाटला, तिका माझो कंटाळो इलो. म्हणून मी हॉलात जाऊन झोपलंय. दुखता असा एक शब्द बोलली असती..." लिफ्ट आली आणि गेली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

पावसाळ्यात दुखणं उलटलं. रक्त पुन्हा सुरू झालं. डॉक्टरांनी घरी घेऊन जायला सांगितलं. गणपती तोंडावर आले होते. कमिटीची मंडळी काकूंना भेटायला आली, फळं आणली, आणि सेक्रेटरी फार गोड बोलले, "काकू, यंदा तुम्ही आराम करा. मोदकांची ऑर्डर केटररला दिलीय." काकू "बरा केलास" म्हणाल्या. सगळे गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळल्या नाहीत.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीच्या आधी मी त्यांच्याकडे दुपारच्या नैवेद्यातला एक मोदक घेऊन गेले. ती आमची शेवटची भेट, विसर्जनाच्या आधीच त्या गेल्या. काका उशाशी बसले होते. काकू उशीला टेकून होत्या, हातांच्या नुसत्या काटक्या झालेल्या. चमकी सैल झाली म्हणून काढून ठेवली होती, त्यामुळे चेहरा कुणा भलत्याच बाईचा वाटत होता. मी वाटी पुढे केली. त्यांनी मोदकाकडे बारकाईने पाहिलं.

"कळ्यो बऱ्यो पडल्यात," म्हणाल्या. मग दोन्ही हातांची ओंजळ केली, थोडी मागे घेतली, आणि म्हणाल्या, "वरसून टाक."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विटाळशीला देतात तसा, न शिवता, वरून टाकायला सांगत होत्या त्या. जखमेचं रक्त, पिशवीचं रक्त, ते सगळे हिशोब त्यांनी सोडून दिले होते. मी पुढे झाले, मोदक त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि माझे दोन्ही हात त्यांच्या हातांभोवती आवळून धरले.

"शिवलंस गो माका!" त्या कळवळून ओरडल्या. आवाज कुठला, नुसता श्वास होता. "आता आरतीक कशी जातलंस? घराकडे जा, डोक्यावरसून आंघोळ कर आधी." मी हात सोडले नाहीत. मग त्या काकांकडे वळल्या. "अहो, ही काय आंघोळ करूची नाय. तुळशीतला पाणी आणा आणि शिंपडा हिच्यावर. तुमी शिंपडा. माझ्या हातान चलाचा नाय."

काका उठले. ग्रिलमधल्या तुळशीपाशी जाऊन तांब्यात पाणी घेऊन आले. चार बोटं बुडवली. मी मान खाली घातली, म्हटलं होऊ दे त्यांच्या मनासारखं. पण माझ्यावर थेंबही पडला नाही. काकांनी ते पाणी काकूंच्या डोक्यावर शिंपडलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. कपाळावरून ओघळ नाकापर्यंत आला.

"झाला," ते म्हणाले. "आता खा."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "येडो आसा हो."

खालून आरतीची घंटा ऐकू आली. मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. काका टॉवेलने त्यांचे केस टिपत होते, आणि काकू मोदक ओंजळीत धरून, आपण खाल्ला तर चालेल का, असं त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.